रांजणातले खडे

(कफ परेडच्या मच्छीमार नगरात रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वाल्या कोळ्याची कथा घेऊन तुमच्यापुढे उभे राहताना थोडा संकोच वाटतो. कथेतील लुटारूला लोकांनी तुमच्या समाजाचे नाव दिले आहे. म्हणून आरंभीच सांगतो, वाल्मीकी रामायणात ही कथा नाहीच. अध्यात्म रामायणात ती स्वतः वाल्मीकी रामाला सांगतात आणि तेथे ते जन्माने द्विज असून किरातांमध्ये वाढलेले आहेत. वाट चुकायला जात लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमची आजी ही कथा सांगे. प्रत्येक हत्येगणिक वाल्या रांजणात एक खडा टाकी. असे सात रांजण भरले. मग नारद भेटले. ज्यांच्यासाठी हे करतोस ते पापाचे वाटेकरी होतील काय, एवढेच त्यांनी विचारले. घरच्यांनी हात झटकले. वाल्या हादरला, 'मरा मरा' जपत बसला, अंगावर वारूळ चढले आणि त्यातून वाल्मीकी बाहेर आले.

नामाचा महिमा म्हणून आपण ही कथा सांगतो, ते योग्यच. पण तिच्यातील दोन प्रश्न आपण घाईने ओलांडतो. पहिला घरच्यांचा. लुटीचे अन्न त्यांनी खाल्ले, पाप मात्र नाकारले. त्यांना निर्दोष कसे म्हणावे? घरात येणारा पैसा कोठून येतो हे न विचारणारे आपण सारे त्याच पंगतीत बसलेलो आहोत.

दुसरा प्रश्न खड्यांचा. त्यांचे पुढे काय झाले, असे मी आजीला विचारले होते. "असतील तिथंच," एवढेच ती म्हणाली. प्रत्येक खड्यामागे एक घर होते. त्या घरांनी क्षमा केली, असे तिच्या कथेत नव्हते.

या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मारेकरी रबरी होडीतून येथेच उतरले. त्याआधी 'कुबेर' या मासेमारी नौकेच्या तांडेलाचा त्यांनी बळी घेतला होता. पुढे शहरात १६६ जीव गेले. जिवंत सापडलेल्या मारेकऱ्याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली. ते राज्याचे कर्तव्य होते. मृतांच्या वतीने क्षमा वाटण्याचा अधिकार कोणत्याही व्याख्यात्याला नाही.

मग ईश्वरी दया म्हणजे काय? नारदांनी वाल्याला माफ केले नाही. त्यांनी त्याला प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकण्याचे बळ त्याच्यात जागे केले. खडे तसेच राहिले, माणूस बदलला. दया हिशेब पुसत नाही, तो डोळे उघडून वाचायला लावते.

शेवटी एक गोष्ट. रामायणाच्या बालकांडात क्रौंच पक्ष्याला मारणाऱ्या निषादाला वाल्मीकी शाप देतात आणि आपण हे काय बोललो, म्हणून लगेच विचारात पडतात. त्याच महाकाव्यात पुढे निषादांचा राजा गुह भेटतो. राम त्याला मिठी मारतो आणि गुहाच्याच नावेतून गंगा ओलांडतो. एका निषादाला शाप देऊन उघडलेले काव्य दुसऱ्या निषादाला देवाच्या मिठीपर्यंत नेते. वाल्याच्या कथेनंतर हा प्रसंग वाचला, की कवीच्या मनात कोणते खडे वाजत असतील ते कळते.