अतिचलनवाढ आणि कोयता
(आष्टी येथे दिलेले व्याख्यान)

महिन्याला ५० टक्क्यांहून अधिक वेगाने भाव चढू लागले की अर्थशास्त्र त्यास अतिचलनवाढ म्हणते. १९२३ साली फ्रेंच व बेल्जियन फौजांनी रूर बळकावल्यावर जर्मनीत उत्पादन बसले, कर आटले, सरकार नोटा छापत सुटले. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आणि तेलाची भाववाढ यांनंतर सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक भाव वर्षभरात सुमारे ३३ टक्क्यांनी चढले, तेवढ्यानेच गरिबाची चूल विझू लागली.

चलनवाढीत ऋणको तरतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. जर्मन शेतकऱ्यांची गहाणकर्जे खरोखरच विरून गेली. आपल्या तालुक्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य नाही. त्यांची उचल रुपयांत मिळते, पण फिटते टनांत. आणि टनाचा दर कराराने काही वर्षांसाठी बांधलेला! ज्वारी, गोडेतेल महागले तरी तोडायचा ऊस तेवढाच राहतो, वर पुढची उचल मोठी घ्यावी लागते.

पूर्वतयारी म्हणून सोने घ्या, असे शहाणे सांगतात. कशातून घ्यावे? कारखान्यातील कायम कामगाराला महागाई भत्ता आहे. तोडणीचा दरही दरसाल निर्देशांकाशी बांधला पाहिजे. शिधापत्रिकेवरचे धान्य फडाजवळ मिळाले पाहिजे. कागदोपत्री ती सोय आहेच. पुढल्या करारापूर्वी या दोन मागण्या मुकादमांसह प्रत्येक टोळीपर्यंत पोचवा.