तीन कॅल्शियम, तेहतीस हजार पाणी

मित्रहो, आणि माइन्त्स, डार्मश्टाट, पुणे, मुंबई इथून फ्रँकफर्टला आलेल्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षाने विषयाचा व्याप दाखवावा, प्रगतीवर समाधान व्यक्त करावं आणि तरुणांना शुभेच्छा द्याव्यात, असा रिवाज आहे. शुभेच्छा आहेतच, त्या जेवणाच्या वेळी देईन. पाण्यात विरघळणारी पॉलिमरं खारट पाण्यात कशी वागतात हे कॉम्प्युटरवर पाहताना आपण एका ठिकाणी अडलो आहोत, आणि मला त्याच जागेबद्दल बोलायचं आहे.

आधी हिशेब. दहा नॅनोमीटर बाजूची एक पेटी घ्या. तिच्यात पाण्याचे सुमारे ३३,००० रेणू मावतात. दवाखान्यातल्या सलाइनइतकं, म्हणजे ०.९ टक्के मीठ घातलं तर सोडियम आणि क्लोराइडच्या ९३ जोड्या होतात. आता त्यात एखाद्या क्षाराच्या विहिरीत सापडेल इतकं, लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम घाला. किती आयन झाले? तीन. पेटीच्या मध्यभागी पॉलिअ‍ॅक्रिलेटची एक साखळी सोडा. ती पसरून राहणार की गोळा होणार, हे बऱ्याच अंशी ते तीन आयन ठरवतात. आणि एक मायक्रोसेकंद गाठायला आपल्याला दोन-दोन फेम्टोसेकंदांची ५० कोटी पावलं टाकावी लागतात. तेवढ्या वेळात तिघांपैकी एक जरी सुरुवातीलाच साखळीला चिकटून बसला, तर पुढचं सगळं सिम्युलेशन म्हणजे त्या एका अपघाताचं चरित्र होतं.

हा प्रश्न मला कागदावरचा वाटत नाही, त्याला कारण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कोरडवाहू शेतीसाठी ‘जलशक्ती’ नावाचं पाणी धरून ठेवणारं पॉलिमर तयार झालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जेलवर केलेलं काम आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत वाचलं आहे. या जातीचं चांगलं पॉलिमर शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी पितं. तेच सलाइनमध्ये टाकलं तर तीस ते पन्नास पटींवर थांबतं. पाठ्यपुस्तकं याचं कारण एका वाक्यात उरकतात: मीठ घातलं की साखळीवरचे ऋणभार झाकले जातात आणि त्यांचं एकमेकांना ढकलणं कमी होतं. हे खोटं नाही. सलाइनमध्ये भाराचा प्रभाव पाऊण नॅनोमीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. पण जेलला फुगवणारी मुख्य ओढ परासरणाची असते. साखळीने डांबून ठेवलेले सोडियम आयन आत असतात, बाहेर नसतात, म्हणून पाणी आत धावतं. बाहेरही मीठ आलं की तो फरक घटतो. सिम्युलेशनमध्ये मिठाची संख्या पेटीत गोठवून ठेवणाऱ्यांना हा भाग दिसतच नाही. आयनांना बाहेरच्या साठ्यातून ये-जा करू दिली तरच जेलचं खरं वागणं हाती लागतं.

आता अशा पॉलिमरची पावडर पूर्णेच्या खोऱ्यात न्या. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे, आणि कितीतरी जमिनीत सोडियम इतका साचला आहे की काळी माती पाणी मुरू देत नाही. त्यावर शेतकऱ्याला सांगितला जाणारा जुना उपाय म्हणजे जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हाकलतं आणि माती मोकळी होते. मातीला ते औषध आहे, पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या जेलला मात्र घातक. एक कॅल्शियम दोन कार्बोक्झिलेट गटांना धरून बसतो, साखळ्या आवळल्या जातात, धरलेलं पाणी सुटतं. सोडियमने आकसलेलं जेल गोड्या पाण्यात पुन्हा फुगतं. कॅल्शियमने आवळलेलं तसं सहज फुगत नाही. आपले बहुतेक शोधनिबंध मात्र ‘खारट पाणी’ म्हणून नुसतं सोडियम क्लोराइड घेतात, कारण त्याची आकडेवारी तयार मिळते. असं पाणी बाटलीत मिळतं, विहिरीत मिळत नाही.

कॅल्शियमने इतकं छळावं का, याचं उत्तर याच शहरात लिहिलं गेलं. १९१९ ते १९२१ या काळात माक्स बॉर्न इथे प्राध्यापक होते. रॉबर्ट-मायर रस्त्यावरच्या त्यांच्या संस्थेच्या इमारतीपुढे आजही लोक थांबतात ते १९२२च्या श्टेर्न-गेरलाख प्रयोगासाठी, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या धंद्याच्या लोकांनी तिथे बॉर्नसाठीही थांबायला हवं. १९२० साली त्यांनी आयनांच्या जलयोजनाच्या ऊर्जेवर एक छोटा निबंध लिहिला. पाण्याला रेणूच नाहीत, ते एक अखंड माध्यम आहे, आणि आयन म्हणजे भार दिलेली गोळी, एवढ्यावर त्यांनी सूत्र मांडलं: ऊर्जा भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्रिज्येच्या प्रमाणात घटते. सोडियम आणि कॅल्शियम आकाराने जवळजवळ सारखे आहेत. भार मात्र दुप्पट, म्हणजे ऊर्जा चौपट. प्रयोगातही सोडियमसाठी मोलला सुमारे ४०० आणि कॅल्शियमसाठी १,५०० ते १,६०० किलोज्यूल येतात. रेणूच नसलेल्या पाण्याने इतकं बरोबर सांगावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

यातच आपली अडचण लपलेली आहे. कॅल्शियमला साखळीपाशी यायचं तर भोवतीचे पाण्याचे काही रेणू सोडावे लागतात, आणि त्याची भरपाई कार्बोक्झिलेटने करावी लागते. दोन प्रचंड रकमांची ती वजाबाकी आहे. १,६०० मध्ये पाच टक्क्यांची चूक म्हणजे ८० किलोज्यूल. सामान्य तापमानाला रेणूंची उष्मीय ऊर्जा मोलला अडीच किलोज्यूल. चूक तिच्या बत्तीस पट! मग कॅल्शियम एक तर कायमचा चिकटतो, नाही तर फिरकतच नाही, आणि दोन्हींचे आलेख तितकेच देखणे निघतात.

प्रचलित फोर्स-फील्डची, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांची, चूक बहुधा चिकटण्याच्या बाजूला होते. पाण्यातले इलेक्ट्रॉन आयनाच्या भाराला प्रतिसाद देतात, तो प्रतिसाद ठरावीक भारांच्या मॉडेलमध्ये नसतो. त्यावर तोडगा म्हणून आयनाचा भार ०.७५ने गुणायचा. हा आकडा हवेतला नाही, पाण्याच्या अपवर्तनांकातून येतो. शुद्धतावाद्यांना दीड भाराचा कॅल्शियम पाहवत नाही. मी तो वापरतो, आणि पूर्ण भाराच्या हट्टापेक्षा तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण या गुणकाने सगळं सुटलं असं जे मानतात, त्यांच्याशीही माझं जमत नाही. तो द्रावणातल्या सरासरी वागणुकीचा उपाय आहे. साखळीच्या आवळलेल्या गाठीत, जिथे पाणी उरलेलंच नाही, तिथे तो किती लागू पडतो हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

इथून जवळच माइन्त्समध्ये दुसरी वाट काढली गेली. क्रेमर आणि ग्रेस्ट यांच्या १९९०च्या मॉडेलमध्ये साखळी म्हणजे मणी आणि स्प्रिंगा. पाणी काढून टाकलं, आयन ठेवले, की लांब साखळ्या आणि आख्खी जेलं आवाक्यात येतात. माइन्त्समध्ये सुरू झालेला ‘एस्प्रेसो’ प्रोग्रॅम आपल्यापैकी निम्मे लोक वापरत असतील. सोडियमपुरतं हे मॉडेल मला पुष्कळ पटतं. कॅल्शियम आला की नाही, कारण पाणी सोडण्याची किंमतच त्यात उरत नाही. ती मण्यांमधल्या आकर्षणात हाताने भरावी लागते, आणि हाताने भरलेलं उत्तर म्हणून बाहेर येतं.

उद्योगाने काही वेळा हा प्रश्न टाळूनच सोडवला. उत्तर जर्मनीतल्या बोकश्टेट तेलक्षेत्रात, जिथलं भूगर्भातलं पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट आहे, विंटर्सहाल या तेल कंपनीने २०१२ साली तेल ढकलायला बुरशीपासून मिळणारं शिझोफायलन वापरून पाहायला घेतलं. नेहमीचं पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड अशा पाण्यात आपला घट्टपणा गमावतं. शिझोफायलनवर भारच नाही आणि त्याची तिपेडी साखळी ताठ असते, त्यामुळे मिठाला पकडायला काही सापडत नाही. हुशारी आहे. पण शेतातल्या पावडरीला हा मार्ग मोकळा नाही, कारण तिची पाणी ओढण्याची ताकदच भारांमधून येते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एक प्रस्ताव ठेवतो. आपण सगळ्यांनी मिळून एकच पाणी ठरवू: सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या विहिरीच्या तपासणीतून घेतलेल्या प्रमाणात. पन्नास घटकांची एकच पॉलिअ‍ॅक्रिलेट साखळी. फोर्स-फील्ड ज्याचं त्याचं. पण साखळीला हात लावण्याआधी प्रत्येकाने नुसत्या कॅल्शियम अ‍ॅसिटेटच्या द्रावणाचा परासरण दाब काढून प्रयोगाशी ताडून पाहावा. कार्बोक्झिलेटचा हा सगळ्यात साधा नमुना इथे चुकला, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी अट थोडी कडक आहे. प्रत्येक गणना दोन टोकांपासून सुरू करायची: एकदा सगळे कॅल्शियम साखळीला चिकटलेले, एकदा सगळे मोकळे. दोन्ही एकाच उत्तराला येईपर्यंत आकडा छापायचा नाही. यात कॉम्प्युटरचा वेळ दुप्पट जाईल, पीएच.डी.ची मुलं कुरकुरतील, त्यांच्या मार्गदर्शकांची कुरकुर अधिक असेल. दुपारच्या पहिल्या सत्रात साखळीच्या आकाराचे आलेख मांडले जाणार आहेत. त्या वक्त्यांना एवढीच विनंती, की ज्यांच्याकडे दोन्ही टोकांची गणना आहे त्यांनी दोन्ही रेषा पडद्यावर दाखवाव्यात, जुळत नसल्या तरी.