सहा मॅच जिंका, मग बोलावण्याची वाट बघा

आज चिखलदऱ्यावरून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न साधा आहे. स्पर्धेत कोणती टीम खेळणार, हे कोण ठरवतं? पॉइंट टेबल, की मीटिंगमध्ये बसलेली माणसं?

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल घ्या. हा हातात बॉल धरून पळायचा फुटबॉल. सीझन संपला की तिथे 'बाउल' मॅच होतात. पहिली १९०२ मध्ये पासाडेनाला झाली. आता अशा कितीतरी आहेत, आणि बहुतेक स्वतंत्र, एकेकच मॅच. साधारण १२ पैकी ६ सामने जिंकले की टीम पात्र. पण पात्र म्हणजे पक्की नाही! कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. त्यांचे बाउलवाल्यांशी करार असतात. त्या यादीतून टीम उचलताना किती चाहते येतील, टीव्हीवर किती लोक बघतील, हेही पाहिलं जातं.

वरच्या प्लेऑफसाठी तर समितीच बसते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले. तरी चार टीमच्या प्लेऑफमध्ये त्यांना जागा नाही. काहून? तर मेन क्वार्टरबॅक जखमी, म्हणून टीम आता तेवढी तगडी वाटत नाही. २०२४ पासून प्लेऑफ १२ टीमचा झाला, पण समिती आहेच.

आता आपल्याकडे या. विद्यापीठांच्या फुटबॉल स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज घेते. देशाचे चार विभाग. आपलं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ पश्चिम विभागात. विभागातल्या पहिल्या चार टीम अखिल भारतीय स्पर्धेत जातात, आणि तिथल्या पहिल्या आठ खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सला. तुम्ही किती प्रेक्षक आणणार, हे कोणी विचारत नाही. जिंका आणि पुढे जा.

भारी वाटतं ना? पण थांबा. टीम मॅच जिंकून पुढे जाते, पण टीममध्ये कोण असणार हे आपल्याकडेही निवड समितीच ठरवते.

मेळघाटातल्या माझ्या एका मित्राला ट्रायलचा मेसेज आदल्या रात्री आला. गावात रेंज नाही, त्याने तो सकाळी पाहिला. घाट उतरून परतवाडा, तिथून पुढची एसटी. पोचला तोवर यादी लागलेली. तो खराब खेळतो असं कोणीच म्हटलं नाही. त्याला कोणी पाहिलंच नाही. फ्लोरिडा स्टेटला निदान सगळ्यांनी पाहून तरी नाकारलं.

मी कोड लिहितो. सॉर्टिंग कितीही चांगलं असो, अर्धी नावं यादीत आलीच नाहीत तर उत्तर चुकणारच. म्हणून ट्रायलची तारीख पंधरा दिवस आधी कळवा, निकष लिहून द्या आणि मार्क बोर्डावर लावा. एवढंच मागणं आहे.

तुमच्या कॉलेजात ट्रायलची नोटीस किती दिवस आधी लागते? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!