मागचे इंजिन



माझ्यासारख्या युनियनच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून नाटक-सिनेमावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शाळेतील शिक्षण थोडे. पुढचे सारे वाचनालयात आणि सभांतून झाले. तेव्हा साहित्याचा जाणकार म्हणून मी बोलत नाही. माणसे एकत्र कशी येतात आणि कशी फुटतात, एवढेच मी आयुष्यभर पाहिले, आणि आज त्याचीच एक गोष्ट सांगणार आहे.

साल १९९१. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात तंटा लागला. वडीलधाऱ्यांना लोकनाट्य हवे होते. मधल्या वयाचे लोक दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’वर अडून बसले. आम्हा पोरांना व्हिडिओवर ‘अशी ही बनवाबनवी’ पाहावयाची होती. वडील म्हणत, “‘विच्छा माझी पुरी करा’ पाहिले नाही त्याने विनोदावर बोलू नये.” आम्ही म्हणत असू, “तुमचे दिवस संपले!” अखेर वर्गणीची दोन पावतीपुस्तके झाली. एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण पुढे युनियनच्या सभेतही माणसे दोन बाजूंना बसू लागली. आधीच थोडी माणसे, त्यांत ही फूट! ज्यांच्याशी भांडावयाचे ते राहिले बाजूला, आम्ही आपसांतच भांडत होतो.

आमच्या चित्रपटाच्या रात्री विरुद्ध पक्षाचे एक म्हातारे फिटरकाका गर्दीच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर नावे सरकू लागली. आम्ही अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन यांच्यासाठी शिट्ट्या मारल्या. लेखकाचे नाव आले तेव्हा कुणाचेच लक्ष नव्हते. काका मात्र मोठ्याने म्हणाले, “अरे, हा तर आमचा सबनीस!”

खरेच होते ते. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या हवालदाराच्या भूमिकेने दादा कोंडके घराघरांत पोचले. १९७१ चा ‘सोंगाड्या’ सबनीसांनीच लिहिला, आणि १९८८ च्या ‘बनवाबनवी’चे लेखनही त्यांचेच. तीन पिढ्या तीन झेंडे घेऊन भांडत होत्या आणि झेंड्यांचे कापड एकाच मागावर विणलेले होते!

मग मी तिन्ही नीट पाहिली. तमाशात पुरुषाने बाईचे सोंग घेणे ही जुनी रीत. ‘बनवाबनवी’त दोघे पुरुष पातळ नेसतात ते कशासाठी? शहरात राहावयास खोली मिळत नाही म्हणून. सोंग जुने, अडचण मात्र आपली, नोकरदार माणसाची. वगातला हवालदार सत्तेची फजिती करतो, इथे घरमालकिणीला फसविले जाते. पोटाची आणि निवाऱ्याची चिंता हसण्याआड लपविण्याची ही रीत एकाच हाताची आहे, हे कळल्यावर माझे भांडण आपोआप संपले.

हे एकट्या सबनीसांचे नव्हे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा घरोघरी लोक भक्तिभावाने ऐकत. त्याच ग. दि. माडगूळकरांनी १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाची गाणी लिहिली. एकाला सोवळे आणि दुसऱ्याला ओवळे म्हणणाऱ्यांनी कवीला विचारले होते काय? विलायतेतही हेच. टेरी नेशन या लेखकाने १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेत डॅलेक नावाचे शत्रू आणले. पुढे १९७५ साली ‘सर्व्हायव्हर्स’ आणि १९७८ साली ‘ब्लेक्स सेव्हन’ या मालिकाही त्याच्याच कल्पनेतून निघाल्या. एकीचा चाहता दुसरीकडे सापडतो तो उगाच नव्हे.

आता आपल्या गावाची गोष्ट. कसाऱ्याचा घाट सदतिसास एक असा चढाचा. गाडीला मागून बँकर इंजिने लावतात; ती ढकलीत ढकलीत गाडी इगतपुरीस आणतात आणि इथे सुटतात. उतारू पुढचे इंजिन पाहतो, डब्याचा रंग पाहतो. ज्याने रेटा दिला त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. आज तेच इंजिन मेलला लागते, उद्या मालगाडीला. लेखकाचे असेच आहे. आणि सांगू का, कामगाराचेही असेच आहे. ज्याचे नाव कुणी वाचत नाही, त्याचा मोबदला बुडविणे सोपे असते. म्हणून नाव वाचणे ही माझ्या लेखी शिष्टाचाराची नव्हे, हक्काची बाब आहे.

पुढल्या वर्षी आमच्या कॉलनीत पावतीपुस्तक एकच छापले. एक रात्र वगाची, एक रात्र चित्रपटाची, आणि फळ्यावर दोन्ही दिवशी नटांच्या वर लेखकाचे नाव लिहिले. फळा लिहावयाचे काम फिटरकाकांनी हट्टाने आपल्याकडे घेतले होते.

आपणही आज घरी जाऊन जे काही पाहाल, त्यातले लेखकाचे नाव वाचल्याखेरीज पुढे जाऊ नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.