पुरातत्त्व म्हणजे काय ?

(एका खेडेगांवांतील शिक्षकानें गांवकऱ्यांपुढें दिलेलें व्याख्यान)



‘पुरातत्त्व’ हा शब्द कानीं पडला कीं आपल्या लोकांना मोहरांचा हंडा आठवतो. कोणाला देऊळ किंवा किल्ला आठवतो. दोन्ही समज अपुरे आहेत. ‘पुरा’ म्हणजे पूर्वीं, आणि ‘तत्त्व’ म्हणजे वस्तूचें खरें स्वरूप. ‘पुराण’ हा शब्दही त्याच ‘पुरा’पासून झाला, पण पुराण ऐकावयाचें असतें, पुरातत्त्व तपासावयाचें असतें. युरोपांतही ग्रीक ‘आर्किओलोगिया’चा मूळ अर्थ जुन्या काळच्या हकीकती सांगणें एवढाच होता. जुन्या वस्तूंवरून माणसाचें जीवन ओळखण्याचें शास्त्र, हा अर्थ एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला.

उत्खनन हें या शास्त्राचें एक साधन आहे. कोणती वस्तु कोणत्या थरांत, कशाशेजारीं सांपडली हें टिपून ठेवणें हा त्याचा प्राण. खालचा थर जुना, वरचा नवा. थर विसकटले कीं खापर मुकें झालें.

उदाहरण आपल्याच मुलखांतलें घ्या. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केलें. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचीं १३० हून अधिक घरें उजेडांत आलीं. चुली सांपडल्या, जवाचे जळके दाणे सांपडले. मेलेलें मूल दोन मडक्यांचीं तोंडें जुळवून त्यांत ठेवीत व घराच्या जमिनीखालींच पुरीत. या लोकांनीं एक अक्षरही लिहून ठेवलें नाहीं. कोणत्या पोथींत त्यांचें नांव नाहीं. ज्याच्या घरीं लेखणी नव्हती, त्याचीही साक्ष काढणारें हें शास्त्र आहे. म्हणून तें आम्हां कुणब्या-कुंभारांचें अधिक आहे.

आतां मुद्द्याचें बोलतों. जुन्या पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत जाते, आणि हल्लीं यंत्र लावलें कीं एका दिवसांत टेकाड सपाट होतें. माती दुसरीकडे मिळेल, गेलेले थर पुन्हां मिळणार नाहींत. खापर, मणी किंवा हाड दिसल्यास काम थांबवा, वस्तु जागची हलवूं नका, आणि तहसील कचेरींत वर्दी द्या. आपल्या पूर्वजांचा दाखला आपल्याच फावड्यानें पुसूं नका, एवढीच विनंती.