संगणकावर ॲप उतरत नाही तेव्हा

आमच्या गटाकडे विंडोज १० चा एक जुना संगणक आहे. गेल्या दिवाळीआधी फराळाची मोठी ऑर्डर आली. घेणारे म्हणाले, दरपत्रक संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर दुसरीकडे बघतो. दरपत्रक संगणकात, म्हणून त्यावरच व्हॉट्सॲप घ्यायला बसलो. स्टोअर उघडलं, ‘गेट’ दाबलं, चक्र गरागरा फिरलं आणि इंग्रजीत चूक आली. दहा वेळा तेच.

तालुक्याच्या दुकानात फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, फॉरमॅट मारू. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं करणं. आमचा सहा वर्षांचा हिशेब त्यात, दुसरी प्रत नाही. (ही चूक आमचीच.) एकीचा भाचा म्हणाला, आत्याबाई, कुठल्याही साइटवरून उतरवून देतो. त्यालाही नाही म्हटलं. बचतीचा हिशेब असलेल्या यंत्रात अनोळखी फाइल कशी घ्यायची?

शेवटी आक्कांच्या सुनेने ब्राउझर उघडून पाहिला. तिथे लिहून आलं होतं, तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात पाहिलं तर साल २०१९!

तारखेचा आणि ॲपचा काय संबंध? उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत असते ना, तसंच आहे हे. संगणक स्टोअरकडे ओळखीचा दाखला मागतो आणि त्यावरची मुदत आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच मागे, मग खरा दाखलाही त्याला खोटा वाटतो.

घड्याळावर उजवं बटण दाबून ‘ॲडजस्ट डेट/टाइम’मध्ये जा. वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा आणि विभाग कोलकात्याचा, म्हणजे ५:३० चा, आहे ना बघा. आमचं ॲप तेवढ्यावर उतरलं. पण रात्री वीज गेली आणि सकाळी पुन्हा २०१९. म्हणजे आतला नाण्याएवढा सेल संपलेला. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पिन काढून, जाणत्या माणसाकडून बदलून घ्या.

तारीख बरोबर असूनही अडलं तर आधी जागा शिल्लक आहे का ते बघा. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून wsreset.exe ऐवजी काय लिहायचं असं विचारू नका, अक्षरं हीच: डब्ल्यू, एस, आर, ई, एस, ई, टी, टिंब, ई, एक्स, ई. काळी खिडकी येते, घाबरू नका. ती स्वतः बंद होते आणि स्टोअर नव्याने उघडतं. आपला हिशेब त्याने पुसला जात नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘मीटर्ड कनेक्शन’मुळेही कधी काम थांबतं. ते बंद करा, पण ॲप उतरल्यावर परत चालू करा, नाहीतर अपडेट सगळा डेटा पिऊन टाकतात.

दरपत्रक त्या दिवशी पावणेसहाला गेलं. हिशेबाची प्रत आता पेनड्राइव्हवर, अध्यक्षताईंच्या कपाटात असते.