गिरणी बंद पडण्याआधीचे महिने



ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘जेसी मिल’ हे नाव येतं. घनश्यामदास बिर्लांनी 1921 साली उभी केलेली जियाजीराव कॉटन मिल 1990च्या दशकात बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न मात्र पुढं कितीतरी वर्षं रेंगाळला. त्यात दोष कोणाचा, हे मी ठरवणार नाही. मला प्रश्न पडतो तो असा: कुठलीही कंपनी बुडू लागली, की खरा हिशेब ज्यांना ठाऊक असतो त्यांनी कसं वागावं?

हेतू चांगला असला की वाकडी वाट चालते का, हे पाहायला टिळकांनी ‘गीतारहस्या’त अमेरिकेतल्या एका ट्रामवेची गोष्ट सांगितली आहे. परवानगीला उशीर होत होता म्हणून व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना लाच दिली. शहराची सोय झाली, पण पुढं त्याला शिक्षाही झाली. सोय पुष्कळांची झाली, तेवढ्यानं कृत्य शुद्ध ठरत नाही. टिळक करणाऱ्याची बुद्धी पाहायला सांगतात.

बुडत्या कंपनीचा संचालक म्हणतो, ‘आत्ता खरं सांगितलं तर बँक हात आखडेल, आहेत त्या नोकऱ्याही जातील.’ हे म्हणणं पोकळ नाही. दोन महिन्यांची उसंत मिळून कारखाना कधीकधी खरंच तरतो. पण त्या दोन महिन्यांत कापूस उधारीवर देणारा व्यापारी आणि पगाराची वाट पाहणारा विणकर, दोघांचे पैसे त्यांना न विचारताच पणाला लागलेले असतात. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, असं कांट सांगतो, आणि मला ते पटतं. जोखीम घ्यायचीच, तर ज्याचा पैसा त्याला सांगून घ्यावी.

2016च्या दिवाळखोरी संहितेनं यातलं थोडं कायद्यात आणलं. दिवाळं टळण्याची वाजवी आशा उरली नाही हे कळूनही धनकोंचं नुकसान कमी करण्याची काळजी न घेणाऱ्या संचालकाला कलम 66खाली पदरचे पैसे भरावे लागू शकतात. मालमत्ता विकली गेली, तर प्रक्रियेचा खर्च भागल्यावर कामगारांची 24 महिन्यांची देणी तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीनं येतात. पण ही कलमं लागतात तोवर कामगाराच्या घरातले दागिने मोडलेले असतात, मुलाची शाळा सुटलेली असते.

अशा संचालकाच्या खुर्चीत बसलेलं कोणी हे ऐकत असेल, तर माझी एक विनंती आहे. कामगारांच्या पगारातून कापलेला फंड या महिन्यात भरला गेला का, ते उद्या सकाळी आधी पाहा.